तीस हजारांतले आठ हजार गेले कुठं?

प्रश्न : डिप्लोमा करून मी हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले. ऑफर लेटरवर ‘वार्षिक ३,६०,०००’ असं ठळक अक्षरांत होतं. आईनं ‘पोरीला तीस हजार पगार’ म्हणून चाळीत पेढे वाटले. पहिल्या महिन्याला खात्यात जमा झाले २२,१७८. एचआरला विचारलं, तर ‘सगळं सीटीसीत धरलंय’ एवढंच उत्तर मिळालं. माझ्यासोबत त्याच दिवशी, त्याच पगारावर लागलेल्या मित्राला तर २१,९७८च आले. माझे जवळजवळ आठ हजार गेले कुठं? आणि त्याला माझ्याहून दोनशे कमी का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आईनं पेढे वाटले त्यात काही चुकलं नाही. चुकलं ते ‘तीस हजार पगार’ म्हणण्यात. तीस हजार हा तुमचा पगार नाहीच. तुम्ही कंपनीला महिन्याला केवढ्याला पडता, तो हा आकडा. सीटीसी, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’, ती हीच. कार्यालयवाला ‘ताटाला चारशे’ म्हणतो, त्यात जिलबी आणि मठ्ठा येतो तसा वाढप्याचा रोज आणि गॅसही येतो. पाहुण्याच्या पोटात चारशेचं जेवण कधीच जात नाही.

तुम्ही पगाराची स्लिप आणि ऑफर लेटरचं दुसरं पान सोबत जोडलंत, म्हणून पैन्‌पैचा हिशेब लावता आला. पहिल्या पानावर ठळक आकडा असतो आणि हिशेब दुसऱ्या पानावर. बहुतेक मुलं पहिल्यावरच सही करून मोकळी होतात.

तुमचा मूळ पगार, म्हणजे बेसिक, १५,००० रुपये. घरभाडे भत्ता ६,००० आणि स्पेशल अलाउन्स २,९७८. बेरीज २३,९७८. पगार म्हणायचा तो हा. तीस हजारांतले उरलेले ६,०२२ तुमच्या हातापर्यंत येतच नाहीत. भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीसाठी धरलेले ७२२. गटविम्याचा हप्ता ५००. आणि ‘व्हेरिएबल पे’ या गोंडस नावाखाली ३,०००. मग त्या २३,९७८मधून तुमचा स्वतःचा पीएफचा वाटा, पुन्हा १,८००, कापला गेला. राहिले २२,१७८. लागला हिशेब.

मित्राचे दोनशे राज्य सरकारनं नेले. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना १०,०००च्या वर गेला की दरमहा २०० रुपये कापतात. महिलांना एप्रिल २०२३पासून २५,०००पर्यंत माफी आहे आणि तुमची बेरीज त्याच्या आत बसते. पुढच्या पगारवाढीत पंचवीस ओलांडलेत की तुम्हीही त्याच रांगेत. फेब्रुवारीत मित्राचे आणखी शंभर जातील, तेव्हा तो पुन्हा चिडेल. त्याला सांगा, राज्यघटनेच्या कलम २७६नं या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००. घटनेतली मर्यादा आपल्या स्लिपवर अशी दिसते, याची मला अजून गंमत वाटते. आयकराचं म्हणाल, तर २०२५-२६पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुम्हा दोघांनाही सध्या त्याची चिंता नाही.

आता खरा प्रश्न. या न दिसणाऱ्या पैशांतले तुमचे किती?

पीएफचे तुमच्याच नावावर आहेत, पण सगळे एका डब्यात नाहीत. तुमचे १,८०० पूर्ण पीएफ खात्यात. कंपनीच्या १,८००पैकी १,२५० निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि पीएफ खात्यात पडतात फक्त ५५०. म्हणजे पासबुकात दरमहा २,३५० वाढायला हवेत. पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही, म्हणून घाबरलेल्या लोकांची पत्रं मला येत असतात. तिथं व्याज चढत नाहीच. किमान दहा वर्षं सेवा झाली, तर ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळते. तुम्ही एक करा : उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी तपासा. कापलेला पीएफ भरलाच नाही, असे मालक अजून आहेत. आणि नोकरी बदलाल तेव्हा पैसे काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या त्याच कायम क्रमांकावर, वळते करून घ्या. पहिल्या नोकरीचा पीएफ काढून मोबाइल घेतलेली मुलं मी शेकड्यानं पाहिली आहेत. पेन्शनसाठीची त्यांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते, हे त्यांना फार उशिरा कळतं.

ग्रॅच्युइटीचे ७२२ ही मात्र मला पटणारी गोष्ट नाही. कायद्याप्रमाणे वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, महिना सव्वीस दिवसांचा धरून. १५ला २६नं भागा, मग १२नं. ४.८१ टक्के येतात, आणि तुमच्या १५,०००चे ते ७२२. गणित बरोबर आहे. पण कायम नोकरीत ही रक्कम सलग पाच वर्षं काढल्यावरच हातात पडते. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं मुदतीच्या करारावरच्या कामगारांना ती एका वर्षानंतर दिली, तुम्ही मात्र कायम आहात. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलीच्या सीटीसीत ही रक्कम मोजायची, म्हणजे न मिळणाऱ्या पैशानं आकडा फुगवायचा. बेकायदा नाही, पण सरळही नाही.

व्हेरिएबलचे वर्षाला ३६,००० मिळतील का, हे कंपनीच्या आणि तुमच्या साहेबाच्या मर्जीवर. इथं एकच प्रश्न विचारायचा असतो, तोही सही करण्याआधी : ‘मागच्या वर्षी माझ्या पदावरच्या लोकांना यातले किती टक्के प्रत्यक्ष दिले?’ एचआरवाले अडखळले, तर तो आकडा मनात शून्य धरा. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी तुम्हाला चार लाख देऊ करील आणि त्यात एक लाख व्हेरिएबल असेल. हुरळून जाऊ नका. तिथं नक्की मिळणारे तीन लाख, आणि आज तुमचे आहेत ३ लाख २४ हजार. घरी बसून वहीच्या मागच्या पानावर करायचं गणित आहे हे. त्याला एमबीए लागत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन वर्षांचा बॉण्ड आहे. आधी सोडलंत तर दीड लाख रुपये. ‘असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत’ असं कँटीनमध्ये कुणीतरी सांगेल. तेवढ्यावर जाऊ नका. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. पण ती सार्वजनिक बँक होती, भरतीवर झालेला खर्च तिनं मांडला होता. करार कायद्याच्या कलम ७४प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या आत, वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तेव्हा तुमच्यावर प्रशिक्षणाचा खर्च खरंच झाला का, किती दिवसांचं प्रशिक्षण होतं, याची नोंद स्वतःजवळ ठेवा. आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या.

माझा पहिला पगार १९८९ साली भोसरीतल्या एका कारखान्यात झाला. टाइम ऑफिसच्या खिडकीतून पाकीट मिळालं आणि त्यावर निळ्या शाईत सगळी वजाबाकी लिहिलेली होती. तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की कँटीनचे पैसे दोनदा कापले जातायत. विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले, ‘नवीन आहेस, लगेच हिशेब मागतोस?’ मी गप्प बसलो. पुढे पंचवीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून पगार केले. हिशेब विचारणाऱ्या माणसाला नोकरीवरून काढल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही. न विचारणाऱ्यांचे पैसे राहून गेल्याची मात्र बरीच आठवतात. तुम्ही विचारलंत, फक्त तोंडी विचारलंत. ईमेल करा : ‘माझ्या सीटीसीचं विवरण पाठवावं ही विनंती.’ लेखी प्रश्नाला ‘सगळं सीटीसीत धरलंय’ असं लेखी उत्तर सहसा कुणी देत नाही.

प्रश्न : वय २९, बी.ए., गाव लातूर जिल्ह्यात. पाच वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी केली. दोनदा पूर्व परीक्षा पास झालो, मुख्य मात्र निघाली नाही. आता घरचे पैसे पाठवू शकत नाहीत. नोकरीसाठी बायोडेटा करायला बसलो, तर ही पाच वर्षं कशी दाखवू? मित्र म्हणतात, ‘मामाच्या दुकानात अकाउंट बघत होतो’ असं लिही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मामाचं दुकान नको. दुसऱ्याच मिनिटाला ‘जीएसटीचं रिटर्न कोणत्या तारखेला भरायचात?’ असा प्रश्न येईल, आणि मामा तुमच्या मदतीला नसेल. सरळ लिहा : ‘२०२० ते २०२५ – राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पुणे. पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण.’ एका ओळीत, अनुभवाच्याच रकान्यात. माफी मागितल्यासारखं नाही. समोर बसलेल्या माणसाचा भाचा किंवा पुतण्या याच पेठेतल्या कुठल्यातरी अभ्यासिकेत असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला हे समजतं. त्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच : ‘हा परत जाहिरात निघाली की जाणार का?’ त्याचं उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ असली, तरी ती परीक्षेला बसण्याची मर्यादा आहे, घरच्यांच्या पैशांची नव्हे. शिवाय मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. जुन्या बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावावर ती निघणार नाही. नोकरी करत एखादा प्रयत्न द्यायचा असेल तर द्या, पण नोकरी आधी.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. तुम्ही शासन निर्णय वाचू शकता. तुम्हाला हे हसण्यावारी वाटेल. पण कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे वर्षाला पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीलाही सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते पैसे झेडपीच्या शाळेत, पाणलोटात, आरोग्य केंद्रात जातात आणि ते घेऊन फिरणाऱ्या संस्थांमध्ये इंग्रजी छान बोलणारी, पण गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक यांच्यात कोण कुणाचं ऐकतं हे माहीत नसलेली मुलं भरलेली आहेत. तालुक्याच्या ठिकाणी बसून जीआर शोधणारा, प्रस्ताव मराठीत लिहिणारा, सहीसाठी कुणाच्या टेबलावर जायचं ते जाणणारा माणूस त्यांना हवा असतो. जाहिरातीत पदाचं नाव ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ किंवा ‘फील्ड ऑफिसर’ असतं, म्हणून तुम्ही पुढे सरकता.

दुसरं ठिकाण तुमच्या गावाजवळच. लातूर-धाराशिव पट्ट्यात सोयाबीनच्या शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ झाल्या. राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातून अशा कंपन्यांना मदत मिळते. पण सभासदांची नोंद, इतिवृत्त, अनुदानाची फाइल हे करायला माणूस नाही म्हणून कित्येक अडकल्या आहेत. पगार सुरुवातीला कमीच मिळेल. पण वर्षभरानं बायोडेटात लिहिण्यासारखं काहीतरी हातात असेल, आणि आज तुम्हाला त्याचीच उणीव आहे.

एक्सेल मात्र शिकाच. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे असं तुम्ही लिहिलंय, ते मी धरत नाही. दोन हजार ओळींची यादी घेऊन गावनिहाय बेरीज काढता येते का, हे स्वतःला विचारा. आणि राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडे नोकरी म्हणून बघू नका. २०२४ साली ती सुरू झाली तेव्हा पदवीधराला सहा महिने दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन होतं, पुढे मुदत वाढवली. ते प्रशिक्षण आहे, कायम करण्याचं आश्वासन त्यात नाही. अशी संधी मिळाली तर घ्या, पण पहिल्याच आठवड्यापासून पुढची शोधत राहा.

प्रश्न : इंटरव्ह्यूला टाय घालावा का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मे महिन्यात जळगावात? नको. इस्त्रीचा शर्ट पुरे.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय वेल्डर आहे. मुंबईच्या एका एजंटनं कतारमध्ये काम आहे म्हणून ९० हजार मागितले आहेत. तीस आत्ता, बाकी व्हिसा आल्यावर. तो म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जाईल, तिथं गेल्यावर कंपनी वर्क परमिट करून देईल. आमच्या वाडीतली बरीच मुलं गल्फला आहेत, म्हणून नाही म्हणवत नाही. काय करू?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : काका, पैसे देऊ नका. बाकीचं नंतर वाचा.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. नव्वद मागणारा एकतर परवान्याशिवाय धंदा करतोय, किंवा परवाना असून कायदा मोडतोय. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. एजंटनं दाखवलेल्या कागदावर विसंबू नका. त्या यादीत नाव आणि परवाना क्रमांक स्वतः शोधा, आणि परवाना चालू आहे की रद्द, तेही बघा. फोटोशॉप केलेले परवाने मी पाहिले आहेत, अगदी सुबक असतात.

व्हिजिट व्हिसावर नोकरीला पाठवणं, हा तर यातला सर्वांत जुना फसवा मार्ग. तिथं उतरल्यावर मुलगा कागदोपत्री पाहुणा असतो. काम करताना सापडला तर तोच दोषी, आणि पगार थकला तर तक्रार कुठं करायची? आधी नोकरीचा करार, मग एम्प्लॉयमेंट व्हिसा, मग तिकीट. हा क्रम कुणी बदलायला सांगितला, तर उठून यायचं.

मुलगा दहावी पास असेल, तर त्याच्या पासपोर्टला ‘ईसीआर’चं बंधन नसतं. दहावी नसलेल्यांना मात्र कतार, सौदी, कुवेत, ओमान, अमिराती अशा अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवास विभागाची मंजुरी लागते. ही कटकट वाटते, पण त्या मंजुरीच्या निमित्तानं करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. चिपळूणच्या बाजारात एवढ्या पैशात सुरमईसुद्धा येत नाही.

वाडीतली मुलं गल्फला आहेत हे तुमचं बळ आहे, ते वापरा. त्यांना फोन लावून विचारा : वेल्डरला प्रत्यक्ष हातात किती पडतात, राहणं-जेवण कुणाचं, ओव्हरटाइम कसा मोजतात, आणि ते कोणत्या एजंटकडून गेले. पन्नास एजंटच्या कार्यालयात बसून कळणार नाही ते एका फोनवर कळेल. आणि लोटे परशुरामच्या कारखान्यांत वेल्डिंगचं एक वर्ष काढून, हातात अनुभवाचा दाखला घेऊन मुलगा गेला, तर पहिल्याच कराराला पगार जास्त मिळेल.

एजंटला आधीच काही ऑनलाइन पाठवलं असेल, तर आजच १९३० या हेल्पलाइनवर कळवा. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार गेली, तर ते गोठवता येतात. उद्यावर ढकलू नका.

वाचकांना एक विनंती. गेल्या पंधरवड्यात सात जणांनी पगाराच्या स्लिपा पाठवल्या, सातही स्लिपांवर यूएएन, पॅन आणि बँक खात्याचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. पाठवण्याआधी त्यावर कागदाची पट्टी चिकटवा आणि मग फोटो काढा. हिशेब मला तेवढ्यानंही लावता येतो.